शासन निर्णयात एक मथळा कमी आहे

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
शालेय शिक्षण विभागाचे मा. प्रधान सचिव,
आणि ज्यांच्या टेबलावर आमच्या शाळांचे शासन निर्णय पहिल्यांदा टाईप होतात ते कक्ष अधिकारी,
मंत्रालय, मुंबई

विषय : ठरवण्याआधी विचारणे आणि मागे घेतल्यावर हिशेब देणे

सविनय नमस्कार.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या मागच्या बैठकीत विषय क्रमांक एक होता मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं, दोन पाण्याच्या टाकीचा गळका नळ आणि तीन अंडी. पहिले दोन पाच मिनिटांत उरकले. अंड्यांवर पाऊण तास गेला आणि ठराव काहीच झाला नाही.

हिशेब साधा आहे. शाळेचा पट ७४. गावातल्या दुकानात अंडं सात रुपयांना मिळतं. आठवड्यातून एकदा एकेक द्यायचं म्हटलं तर ५१८ रुपये. सहा-सात घरं माळकरी आहेत, त्यांच्या पोरांना केळं. तिथं दोन-चार रुपये वाचतील. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपण ठरवलंत की पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, त्याचे पैसे शासन देईल. पोरं खूश होती. एरवी गैरहजर राहणारी पोरंसुद्धा अंड्याच्या शुक्रवारी यायची, हे मी हजेरीपटावर बघितलेलं आहे. मग जानेवारी २०२५ मध्ये आपण पैसे थांबवलेत आणि सांगितलंत की अंडी द्यायची असतील तर व्यवस्थापन समितीनं लोकसहभागातून द्यावीत.

गावात ज्याला वर्गणी म्हणतात त्याला मंत्रालयात लोकसहभाग म्हणतात. आमच्या गावात यात्रेची वर्गणी होते, गणपतीची होते, सप्ताहाची होते. त्यात अंड्यांची मागायला मी स्वतः दहा घरं फिरले. एका द्राक्षबागायतदारानं दोन महिने दिले, मग अवकाळीत त्याची बाग गेली आणि मलाच त्याच्या दारात जायची लाज वाटायला लागली. एका आईनं सुचवलं, ज्यानं त्यानं आपलं अंडं घरून उकडून आणावं. तसं दोन शुक्रवार झालं. ज्यांचे आई-बाप दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात ती पोरं त्या दोन शुक्रवारी ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. तिसऱ्या शुक्रवारी आम्हीच ते बंद केलं.

ज्या समितीला अंडी कशी पुरवायची हे ठरवायला सांगितलं, तिला अंड्यांचे पैसे थांबवायच्या आधी कुणी काही विचारलं नव्हतं. या पत्राचं कारण तेवढंच आहे. पण पाऊण तासाच्या त्या चर्चेत मागच्या दोन-तीन वर्षांतलं बरंच काही निघालं, म्हणून पत्र लांबणार.

माझ्याबद्दल थोडं. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या, टँकरची सवय असलेल्या एका गावात राहते. शिक्षण बारावी. घरात शिलाई मशीन आहे, त्यावर ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस शिवते. बचत गटात आहे. माझी दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात आणि गेली दोन वर्षं मी तिथल्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. म्हणजे आपल्या एकाच खात्याचे कागद माझ्याकडं दोन दारांनी येतात. एकदा अध्यक्ष म्हणून सही करायला, एकदा शिवणारी म्हणून कापड घ्यायला.

ही समिती काही गावच्या हौसेनं काढलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं ती बसवली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा आम्ही करायचा, अनुदान कसं खर्च होतं त्यावर आम्ही लक्ष ठेवायचं, असं त्याच कायद्यात आहे. कागदावर आम्ही बरेच मोठे आहोत.

अध्यक्ष झाल्यावर मी शासन निर्णय वाचायला शिकले. आधी ते मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअॅपवर येतात, मग माझ्या. पहिल्या दोन-तीन वेळा काही कळलं नाही, नंतर त्याचा बेत ध्यानात आला. वर विषय. मग 'वाचा', त्याखाली आधीच्या शासन निर्णयांची आणि पत्रांची रांग. मग 'प्रस्तावना'. मग 'शासन निर्णय'. मग तो संकेतस्थळावर ठेवल्याची ओळ आणि लांबलचक संकेतांक. मग 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि डिजिटल सही. शेवटी 'प्रत', त्यात राज्यपालांच्या सचिवांपासून महालेखापालांपर्यंत सगळे आणि एकदम तळाला 'निवड नस्ती'. ही निवड नस्ती कोण बाई आहे, असं मी एकदा सरांना विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले, ती फाईल आहे. तिलासुद्धा एक प्रत जाते. व्यवस्थापन समितीचं नाव त्या यादीत मी अजून पाहिलेलं नाही.

आणि एक मथळा मला कुठंच सापडला नाही : 'कोणाला विचारले'.

आता गणवेश. इथं मी जरा थांबणार आहे, कारण हे माझ्या मशीनवरून गेलेलं आहे.

आधीची पद्धत अशी होती. समग्र शिक्षा योजनेतून एका गणवेशाला ३०० रुपये, दोन गणवेशांचे ६००, समितीच्या खात्यावर यायचे. कापड आणि शिलाई त्यातच. समिती तालुक्याच्या बाजारातून कापड आणायची नाहीतर तयार ड्रेस घ्यायची. ३०० रुपयांत भागत नव्हतं, हे खरं. आणि पूर्वी सगळं सोवळ्यातलं होतं असंही मी म्हणणार नाही. कुठं दुकानदार ठरलेला असायचा, कुठं कापड दोन धुण्यांत विटायचं. मी शिवणारी आहे, त्यामुळं यात माझा स्वार्थ आहे असं कुणी म्हणेल. आहेच. पण त्या पद्धतीत एक गोष्ट व्हायची. पोरगं माझ्या दारात यायचं, मी टेप लावायची, वाढतं अंग बघून दोन बोटं दुमड जास्त सोडायची. आणि ड्रेस उसवला की ते पुन्हा माझ्याच दारात यायचं.

मग 'एक राज्य, एक गणवेश' आलं. हेतू वाईट नव्हता. राज्यभर सारखा ड्रेस, एकगठ्ठा खरेदीनं कापड स्वस्त आणि चांगलं, शिलाईचं काम महिलांच्या बचत गटांना. आमच्या गटात त्या दिवशी पेढे वाटले होते, खोटं कशाला सांगू. २०२४-२५ साठी कापड वरून येणार आणि शिलाई गटांकडं व समित्यांकडं, असं ठरलं.

शाळा जूनमध्ये सुरू झाली. कापड आलं नाही. पंधरा ऑगस्टला आमची पोरं जुन्या, आखूड झालेल्या ड्रेसवर झेंड्याला उभी राहिली. पहिलीतली नऊ पोरं रंगीत कपड्यांत. कापडाचे गठ्ठे आले तेव्हा आमच्याकडं गौरी-गणपतीची झाडलोट चालली होती. काही गठ्ठ्यांत कापड कापूनच आलेलं होतं. गठ्ठ्यावर मुलाचं नाव नव्हतं, इयत्ता होती. आता इयत्ता म्हणजे माप नव्हे, हे शिवणक्लासच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. आमच्या चौथीत एक मुलगा पाचवीच्या वर्गात शोभेल एवढा आहे आणि त्याच्याच बाकावर बसणारी मुलगी दुसरीच्या मुलीएवढी. कापलेलं कापड लहान करता येतं, मोठं करता येत नाही. अकरा जणांचे शर्ट मला बगलेत पट्टी जोडून शिवावे लागले आणि पट्टीचं कापड मी माझ्या कपाटातून काढलं.

शिलाईला एका गणवेशामागं ११० रुपये धरलेले. आमच्या बाजारपेठेत पोराचा शर्ट-पँट शिवायला साडेतीनशेच्या खाली कुणी हात लावत नाही. दोरा, बटणं, हूक, चेन, कॉलरला कॅनव्हास, काज करून घ्यायचे ते वेगळे, मशीनची वीज वेगळी. एक जोडी मनासारखी शिवायला मला तीन तास लागतात. आमच्या गटातल्या दोघींनी पहिल्याच आठवड्यात गठ्ठे परत केले. मी केले नाहीत, कारण अध्यक्षही मीच होते आणि समोर माझ्याच शाळेची पोरं होती. एकशे दहा रुपये हा आकडा कुणी काढला, कोणत्या शिंप्याला विचारून काढला, एवढं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. गणवेशाच्या धोरणात शिवणाऱ्या बाईला विचारायचं सुचलं नसेल, तर मग कुणाला विचारलं असेल?

डिसेंबर २०२४ मध्ये आपण ते परत फिरवलंत. पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा समित्यांकडं. चूक दुरुस्त केलीत, बरं केलंत. पण त्या एका वर्षात कापडावर किती गेले, किती पोरांना वर्ष संपेपर्यंत दुसरा ड्रेस मिळालाच नाही, गटांच्या शिलाईचे किती पैसे कुठं अडकले, याचा हिशेब आमच्यापर्यंत आला नाही. माझ्याकडं उरलेल्या तुकड्यांचा एक गठ्ठा अजून आहे. तो कुणाच्या नावावर जमा करायचा, हे सरांनाही माहीत नाही आणि वर विचारलं तर 'सध्या ठेवा' म्हणतात.

पुस्तकातल्या कोऱ्या पानांचं थोडक्यात सांगते. २०२३ मध्ये दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत कोरी पानं घातली, म्हणजे वेगळी वही नको. पोरांच्या त्या पानांवर विमानं, फुलं, क्रिकेटचे स्कोअर झाले आणि वह्याही घ्याव्याच लागल्या. २०२५ च्या सुरुवातीला तेही थांबलं. यात फार कुणाचं वाईट झालं नाही. पण एखाद्या तालुक्यातल्या दहा शाळांत एक सहामाही ते करून बघितलं असतं, तर राज्यभर एवढा कागद कापावा लागला नसता.

तिसरी भाषा मात्र थोडक्यात संपणारी नाही.

१६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य, असा निर्णय निघाला. आठवड्याभरात 'अनिवार्य' या शब्दाला स्थगिती आल्याचं बातम्यांत आलं. मग १७ जूनला नवा निर्णय : हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा राहील, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थी तसे पाहिजेत. आमच्याकडं शाळा १६ जूनला उघडली. म्हणजे पहिलीच्या पोरांनी शाळेचा उंबरा ओलांडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी किती भाषा शिकायच्या हे ठरलं. आदल्या वर्षीसारखीच याही वर्षी आमच्या पहिलीत नऊच पोरं आली. त्यातली तीन घरी कानडी बोलतात, जत भागातून आलेली आहेत. नवांत वीस कुठून आणायचे, यावर आमच्या बैठकीत बराच वेळ विनोद झाले. 'सर्वसाधारणपणे' म्हणजे सक्ती की मुभा, यावर सरांनी आणि मी मिळून तो कागद चार वेळा वाचला. मग आमच्या केंद्रशाळेत विचारलं. तिथंही दोन माणसांनी दोन अर्थ सांगितले.

२९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या समितीनं नंतर लोकांची मतं मागवली. ज्या क्रमानं हे घडलं तो क्रम बघा : आधी निर्णय, मग दुरुस्ती, मग आंदोलनाची हाक, मग माघार, मग समिती, मग जनमत. आमच्याकडं स्वयंपाक शिकणाऱ्या पोरीनं असा क्रम लावला तर तिची आजी तिला चुलीपासून उठवते. आणि शासनाला सल्ला द्यायला शासनानंच नेमलेली भाषा सल्लागार समिती तेव्हा होती. तिच्या अध्यक्षांना, लक्ष्मीकांत देशमुख यांना, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विरोध कळवावा लागला. घरातल्या माणसानं पोस्टानं पत्र पाठवावं, तसं झालं हे.

हिंदी शिकवावी की नाही, कितव्या वर्गापासून, याबद्दल माझं मत आहे. पण ते इथं सांगत नाही. एवढंच म्हणते की मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आमच्या सात वर्गांना चार शिक्षक आहेत, त्यातल्या एकाचा निम्मा दिवस ऑनलाईन माहिती भरण्यात जातो, आणि पहिलीतल्या त्या तीन कानडी पोरांना अजून मराठीत 'शी लागली' म्हणता येत नाही.

शहरातही हेच आहे. माझी नणंद पुण्यात असते, नवरा रिक्षा चालवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपण नियम बदललात की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खाजगी शाळेला शिक्षण हक्क कायद्याच्या गरीब घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा देण्याची सक्ती नाही. पालक कोर्टात गेले. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. तोवर जून उलटून गेला होता. नणंदेच्या मुलीनं ते दोन महिने घरी खिडकीत बसून काढले. न्यायालयानं जे जुलैत सांगितलं, ते फेब्रुवारीच्या आधी कुणा वकिलाला, कुणा पालकाला, कुणा मुख्याध्यापकाला विचारून कळलं नसतं का?

आता माझ्या सासऱ्यांचं एक सांगते. ते बहात्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. सुकडी खाऊन दिवस काढले, असं अजून सांगतात आणि सुकडीची चव सांगताना तोंड वाकडं करतात. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा वि. स. पागे हे नाव ऐकलं. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या माणसानं 'मागेल त्याला काम' ही कल्पना आधी आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या काही गावांत करून बघितली. मग ती राज्यभर गेली, दुष्काळानं तिची परीक्षा घेतली, १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, आणि पैसा कुठून येणार हेसुद्धा ठरलं : व्यवसाय कर. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या पगारपत्रकात तो आजही कापला जातो, बघा एकदा. २००५ साली देशाचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. त्या योजनेतही पुढं खोट्या हजेऱ्या झाल्या, मजुरी थकली, सगळं झालं; सासरे त्याच्याही गोष्टी सांगतात. पण मागणाऱ्याला काम कसं द्यायचं, हे आधी तासगावच्या गावांत बघून मग कागद झाला होता. माझ्या ११० रुपयांचं तसं झालं नाही.

हे राज्य आधी विचारू शकत नाही असं नाही, हे सांगायला ते उदाहरण दिलं. कायदाही विचारा असंच सांगतो. माहितीच्या अधिकाराचं कलम ४ आहे. महत्त्वाचं धोरण आखताना त्यासंबंधीची सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करा, आणि प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना सांगा, असं त्यात आहे; कुणी अर्ज करायची वाट न बघता. केंद्र सरकारनं तर फेब्रुवारी २०१४ मध्येच आपल्या खात्यांना सांगितलं की कायद्याचा आणि नियमांचा मसुदा साध्या भाषेतल्या टिपणासह किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवा. तिथंही ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय. पण आपल्याकडं शाळेचे बहुतेक बदल शासन निर्णयानं होतात. ते ना विधानसभेत चर्चेला येतात, ना गावात. सकाळी संकेतस्थळावर, दुपारी व्हॉट्सअॅपवर, आणि दुसऱ्या दिवशी अंमलबजावणीचा अहवाल मागायला फोन.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

पहिली, आणि मला सगळ्यात महत्त्वाची : शाळांशी संबंधित प्रत्येक शासन निर्णयात 'प्रस्तावना' आणि 'शासन निर्णय' यांच्या मध्ये 'कोणाला विचारले' हा मथळा घाला. त्याखाली लिहा की किती शिक्षकांना, किती व्यवस्थापन समित्यांना, कोणत्या सल्लागार समितीला विचारलं, आणि त्यांनी काय सांगितलं. कुणालाच विचारलं नसेल तर 'निरंक' लिहा. आम्हाला 'निरंक' लिहायची सवय आपणच लावली आहे.

दुसरी : मसुदा तीस दिवस आधी मराठीत, दोन पानांत, शाळेच्या फलकावर लागू द्या. २६ जानेवारी आणि १ मे या ग्रामसभा ठरलेल्याच असतात. पुढच्या जूनपासून जे बदलायचं आहे ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचलं जावं, आणि १ मे नंतर त्या वर्षासाठी नवीन काहीही येऊ नये. पूर, साथ असं काही आलं तर गोष्ट वेगळी.

तिसरी : ज्या कामाला हात आणि पैसा लागतो, ते काम कोण करणार, त्याला किती तास लागतील आणि दर कसा काढला, हे निर्णयातच लिहा. शिलाईचा दर असेल तर शिंप्याला विचारा, स्वयंपाकाचा असेल तर खिचडी शिजवणाऱ्या ताईंना.

चौथी : राज्यभर लावण्याआधी वेगवेगळ्या भागांतल्या दोन-तीन तालुक्यांत एक वर्ष करून बघा आणि जे दिसेल ते छापा, फसलं तरी. तालुका कुठलाही घ्या, आमचासुद्धा घ्या. आम्ही तक्रार करणार नाही.

पाचवी : निर्णय मागे घ्याल तेव्हा त्याच्याबरोबर हिशेब द्या. खर्च किती झाला, काय उरलं, ज्यांचं काम झालं त्यांचे पैसे कधी मिळणार. गणवेशाच्या २०२४-२५ च्या वर्षापासून सुरुवात करा.

सहावी अंड्यांची. पैसे परत सुरू करा. जमत नसेल तर राज्याला परवडत नाही असं सरळ लिहा, आम्ही ते गावात वाचून दाखवू. पण लोकसहभाग म्हणून आमच्या गळ्यात घालू नका. गाव शाळेला देतं. आमच्या शाळेचं कुंपण, टीव्ही, दोन पंखे गावानंच दिलेत. रोजच्या ताटातलं द्यायची जबाबदारी त्यात धरू नका, कारण ज्या वर्षी पाऊस नसतो त्या वर्षी वर्गणी नसते आणि पोरांना अंड्याची गरज नेमकी त्याच वर्षी जास्त असते.

आणि 'प्रत' मध्ये निवड नस्तीच्या वर एक ओळ वाढवा : अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, सर्व.

हे पत्र मी समितीत वाचून दाखवलं. दोन सदस्यांनी सही केली नाही. एकाचा भाऊ नोकरीत आहे, आणि दुसरीला वाटतं की यानं शाळेवर राग निघेल. मी त्यांना आग्रह केला नाही. सरांना सही मागितलीच नाही, त्यांच्या नोकरीचे नियम मला माहीत आहेत. बाकीच्यांच्या सह्या आणि दोन अंगठे सोबत आहेत.

आमची पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. टाकीचा नळ तोवर बसेल. अंड्यांचा विषय कार्यसूचीवर तिसऱ्याच क्रमांकाला ठेवला आहे.

आपली,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद शाळा, जि. सांगली
(गणवेश शिवून मिळतील)